हंडीतली पोकळी

आबा, त्या दिवशी तुम्ही हरला नव्हतात. हे सांगायला मला माझं म्हातारपण उजाडावं लागलं.

अंबरनाथच्या आपल्या शाळेत तुम्ही संस्कृत शिकवायचात. सायन्सचे सर उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून सायकलवर यायचे. फाळणीत कराचीतली नोकरी, घर सगळं मागे टाकून आलेला माणूस. मधल्या सुट्टीत चहा निवून जायचा, पण तुमचा वाद निवायचा नाही. सर म्हणायचे, ‘पंडितजी, बरतनमधली हवा निकाली की आत काहीच नाय. एकदम खाली.’ तुम्ही म्हणायचात, ‘हवा गेली, मान्य. पण ती जिथं होती ती जागा राहिलीच ना? मग काहीच नाही कसं म्हणता? ते आकाश. आणि आकाश आहे तोवर शब्द आहे, म्हणजे आवाज आहे, कारण शब्द त्याचाच गुण.’ मला हे ऐकायला आवडायचं, पण माझं सगळं त्यावरच अडलं होतं. मला मॅट्रिकनंतर सायन्सला जायचं होतं आणि ‘काही नाही’ शिकवणारी विद्या तुम्हाला घरात नको होती. रोज भांडण. शेवटी वैतागून म्हणालात, ‘हवा काढल्यावर तुझ्या सरांची घंटा ऐकू यायची थांबली, तर जा सायन्सला.’

सरांनी कॅम्पातल्या एका कारखान्यातून जुना पंप दुरुस्त करून आणला. काचेच्या हंडीत बॅटरीवरची घंटा टांगली आहे, आम्ही मुली बाकांवर चढून उभ्या. सर घामाघूम होऊन पंप मारतायत. आवाज बारीक होतो, आणखी बारीक होतो आणि तिथंच थांबतो. वॉशरमधून हवा आत शिरते आहे. घंटा वाजतेच आहे, मागच्या बाकालाही ऐकू जाईल इतकी. तुम्ही पुढे होता, कान हंडीला लावता, कितीतरी वेळ तसेच वाकून राहता. हल्ली घरी आई तुम्हाला दोन-दोनदा हाका मारते, तेव्हा कुठे ऐकू जातं, ते मला एकदम आठवतं. तुम्ही वळून मलाच विचारता, ‘तुला येतोय का गं?’

‘नाही, आबा.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून बॅटरीची तार काढली. तुम्ही त्यांना हात जोडलेत. ‘मान्य. हरलो.’ संध्याकाळी फॉर्मवर सही केलीत. पुढे वर्गात आकाशाचा भाग आला की न शिकवताच पान उलटायचात, हे मला तुमच्या विद्यार्थिनींनी सांगितलं. तरी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही.

बदलापूरच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. चांगल्या पंपानं आवाज खरंच जातो, आबा. पण मागे जी जागा राहते ती काय, हा तुमचा प्रश्न मला कधी सुटला नाही. सरांनाही सुटला नसता.

माफी मागायला हे लिहायला घेतलं होतं. पण आज तुम्ही पुन्हा वळून विचारलंत, तरी मी ‘नाही’च म्हणेन.