गाळलेली तीन पानं

सेरंगून, सिंगापूर
२ ऑक्टोबर

प्रिय निशिगंधा,

हा मेल तुझ्या सुलेखाताईच्या पत्त्यावरून येतोय, पण लिहिणारा मी, प्रबोध, तिचा नवरा. सुलेखा अकरा जूनला गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. तुला हे आज, ऑक्टोबरात कळतंय ते माझ्यामुळे. जुलैपासून तिच्या नावाने तुला जी चार उत्तरं आली, ती मी लिहिली होती. त्यातलं शेवटचं मला मागे घ्यायचंय, आणि तेही रविवारी तुझी गोष्ट ग्रुपच्या दिवाळी अंकात जाण्याआधी. दोन ओळींत सांगावं म्हणून कालपासून बसलोय, जमत नाहीये. म्हणून जसं आठवेल तसं लिहितो. सांभाळून घे.

मला लिहिण्यातलं काही कळत नाही. हार्बरफ्रंटला ऑफिस आहे, बंदरात आलेल्या बोटी तपासायच्या आणि रिपोर्ट लिहायचा: काय आढळलं, काय केलं, काय राहिलं. सुलेखा म्हणायची, तुझं प्रेमपत्रसुद्धा असंच होतं. मालवाहू बोटींवरच्या भुतांच्या गोष्टी लिहिणारा तुमचा ‘डेकखाली’ ग्रुप तिने सुरू केला तेव्हा मी विचारलं होतं, की असलं वाचतं कोण? ती म्हणाली, “ऐंशी जण. तुझा रिपोर्ट किती जण वाचतात रे?” दोघं वाचतात, त्यातला एक मी.

जेवताना ती काहीही विचारायची. तेल गळून तापलं की वास कसा येतो, जनरेटर बंद पडल्यावर पहिल्यांदा कसला आवाज थांबतो. मला वाटायचं, पंचवीस वर्षांनी का होईना, हिला माझ्या कामात रस वाटायला लागला. ते सगळं गोष्टीत जायचं, हे मला ती गेल्यावर, वाचताना कळलं. नव्या लोकांसाठी तिने लिहून ठेवलेल्या सूचनांमधली पहिली तुला पाठच असेल. भूत कितीही खोटं चालेल, इंजिन खोटं चालणार नाही, कारण वाचणाऱ्यांत एखादा तरी चीफ इंजिनियर असतोच.

जुलैत मैत्रेयी, आमची मुलगी, म्हणाली की आईचे सगळे अकाउंट बंद करायला हवेत. लॅपटॉप उघडला तर वरच तुझा मेल. “ताई, कुठे गायब आहेस? बरी आहेस ना? पहिलीच गोष्ट आहे, फाडून खा, पण वाच.” मी ‘सुलेखा आता’ एवढं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, ‘बरी आहे. गोष्ट वाचते.’ महिनाभर लोक येत होते, हळू आवाजात बोलत होते, आणि तू ती आहेच असं धरून विचारत होतीस. त्यात एक दिवस राहावंसं वाटलं असेल. एकाचे तीन महिने झाले.

पहिल्या तीन उत्तरांत गोष्टीतल्या इंजिनाबद्दल मी तुला जे सांगितलं ते बरोबर होतं. तुझ्या सेकंड इंजिनियरने चालू पंपात हात घातला होता, तो काढायला लावला. एवढ्या मोठ्या बोटीवर रात्रपाळीला एकटा माणूस का, ते विचारलं. तू लिहिलंस, “ताई, हल्ली तू भावजींसारखी बोलतेस!” ते वाचून मी खूप वेळ हसलो आणि मग लॅपटॉप मिटून ठेवला. सुलेखा असती तर तिने तुला पंपाबद्दल एक ओळ आणि त्या माणसाच्या मनाबद्दल दोन पानं लिहिली असती. ते मला येत नव्हतं. भूत कधी दिसावं, असं तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं, दुरुस्ती पूर्ण झाल्यावर. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.

मैत्रेयीला परवा हे कळलं. ती इथेच वाढली, तिचं बोलणं तसंच. “पा, आर यू मॅड? शी थिंक्स आई इज अलाइव्ह, लाह!” एवढं ओरडली आणि मग माझ्याशेजारी बसून तिने तुझी गोष्ट वाचायला मागितली. तिला मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून मीच वाचून दाखवली. तू आधी पाठवलेली, पूर्ण. ती तीन पानं आली तिथे मी थांबलो. ती म्हणाली, वाच ना.

तीच पानं, जी मी तुला गाळायला लावली. बोट ब्लॅकआऊटमध्ये, सगळं बंद, काळोख, आणि कंट्रोल रूममधला भिंतीवरचा जुना फोन वाजतो. सेकंड इंजिनियर उचलतो. पलीकडे त्याची बायको, जी घरी केव्हाच वारली आहे. ती काही विशेष बोलत नाही. जेवलास का, विचारते. मी तुला लिहिलं, वीज गेल्यावर फोन वाजूच शकत नाही, वाचणारे हसतील, हा भाग काढ. तू लिहिलंस की हे तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं, ते बोटीवर फिटर होते, पण आता विचारायला ते नाहीत, त्यांचीच आठवण चुकली असेल. आणि तू पानं काढलीस.

अकरा जूनला मी समुद्रात उभ्या असलेल्या एका बोटीच्या इंजिनरूममध्ये होतो. मोबाइल वर लॉकरमध्ये. सुलेखाने दोनदा फोन केला होता, दहा मिनिटांच्या अंतराने. बरं वाटत नाही म्हणून केला, की येताना दही आण म्हणून, ते कळायला आता मार्ग नाही. तुझी ती पानं वाचली त्या दिवशी मला वाटलं, असा फोन कुठेच वाजायला नको. तुझ्या गोष्टीतही नाही, अंकातही नाही. निशिगंधा, तो फोन ब्लॅकआऊटमध्ये चालतो. तो त्यासाठीच बसवलेला असतो. पलीकडच्याने हाताने दांडी फिरवली की घंटी वाजते, आणि त्याला वीज लागतच नाही, बोलणाऱ्याच्या आवाजावर चालतो. मी तीस वर्षं तो तपासतोय. तुझ्या बाबांनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं मी सांगितलं, तेही इंजिनाबद्दल, तेही सुलेखाच्या नावाने. ती पानं परत घाल. ग्रुपला सुलेखाबद्दल मी उद्या सकाळी स्वतः कळवतो, पण हे आधी तुला कळायला हवं होतं. माझ्यावर रागाव, उत्तर देऊ नकोस हवं तर. फक्त रविवारी गोष्ट पूर्ण जाऊ दे.

तुझ्या ताईचा नवरा,
प्रबोध