थोरलीची पहिली मूठ

८ मार्च
मार्चचा मोठा पाऊस सुरू झाला. अख्खी भावकी कुदळी घेऊन शेतात. मी घरात. मी नाही पेरणार! कशासाठी? तीन वर्षं मका पेरते आणि कायोंगोचं तण कापते. जांभळी फुलं दिसायला काय सुरेख — आणि खाली मक्याच्या मुळालाच तोंड लावून बसलेला मेला! गेल्या साली अर्धी पाटी कणसं झाली, तीही पोचट.

११ मार्च
अपोंदी, माझी धाकटी सवत, दारात. "थोरल्या बाई, एक मूठ तरी टाका. तुम्ही पेरल्याशिवाय मला पेरता येत नाही."
खरंच आहे. आमचे धनी ओवुओर गेले, रीत गेली नाही. थोरलीआधी पेरलं तर घराला शाप. म्हटलं, "मी कायोंगोला जेवू घालणार नाही. जा."
तिच्या शेतात तो नाहीच. मक्याच्या ओळींमध्ये एक वेल लावते. त्याची मुळं काहीतरी सोडतात म्हणे — कायोंगो जमिनीत उगवतो, पण त्याला मक्याचं मूळ सापडत नाही, तिथेच मरतो. गेल्या साली माझ्या बांधालाही लावून गेली होती. मी गवत समजून उपटला, शेळीला घातला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१६ मार्च
गुडघा धरलाय. दिवसभर नुसती पेज.

१९ मार्च
शेजारची पेसिला मुद्दाम सांगत आली — "तुझी सवत पहाटेपासून ओढ्याकाठी कुदळ घेऊन ओणवी! कोण विचारतं थोरलीला आता?"
पेरलं तिने. माझ्याआधी. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती. आता मी असले काय, नसले काय.

२१ मार्च
काठी टेकत खाली ओढ्याकाठी गेले, तिला झापायचं म्हणून. आमची शेतं तिथे बांधाला बांध लागून. तिचं तसंच मोकळं. एक दाणा नाही! माझ्या शेतात मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वेलाच्या कांड्या खोचलेल्या. मध्ये मक्यापुरत्या ओळी रिकाम्या.
अपोंदी चिखलाच्या हातांनी उभी. "बी नाही टाकलं, बाई. कांड्याच आहेत. कांड्यांना थोरली लागत नाही."
वेल जोर धरायला वर्ष जाणार. यंदा माझं काही खरं नाही. तिला एक शिवी हासडली आणि घरी येऊन रडले.

२२ मार्च
तांबडं फुटताना पहिली मूठ टाकली. मग तिच्या दारात जाऊन ओरडले — "ऊठ गं! पाऊस काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"