रुंद पोटाचा ग्लास

३ फेब्रु., मंगळ.
हॉटेलात नवा मॅनेजर. निनाद, पुण्याचा, तिशीच्या आतला. मी इथं एकोणीस वर्षं, वेटरांचा कॅप्टन. त्यानं सगळ्या वाइनला एकच उंच, अरुंद ग्लास ठरवला. टेबलावर 'उठून दिसतो' म्हणे. म्हटलं, "सर, तो फसफसणाऱ्या वाइनचा. रेडला रुंद पोटाचा लागतो, नाहीतर वास कोंडतो."
"काका, सोलापुरात कोण वास घेतंय?"

५ फेब्रु., गुरु.
त्याला एकच रेड दोन ग्लासांत दिली. बाटली लपवून. रुंद ग्लासातली "भारीतली", अरुंदातली "आंबट, कडक". मग बाटली पुढं ठेवली. आचारी हसला. चारचौघांत करायला नको होतं.

१० फेब्रु., मंगळ.
वाइनरीच्या मालकीणबाई जेवायला, सोबत आमच्या हॉटेलचे मालक, शेठ. त्यांची वाइन आपल्याकडं ठेवायची का, ते ठरणार होतं. टेबलावर रुंद ग्लास, निनादनंच मुकाट्यानं मांडायला लावलेले. बाई खूश. "हे कुणाला सुचलं?"
निनाद म्हणाला, "मीच शिकवलं स्टाफला. एकच वाइन दोन ग्लासांत दिली की पटतं."
मी पाण्याचा जग धरून मागं उभा. शेठनी माझ्याकडं पाहिलं. हा प्रयोग मी पहिल्यांदा त्यांनाच करून दाखवला होता. त्यांनी मान खाली घालून सूप प्यायलं.

११ फेब्रु., बुध.
बायकोला सांगितलं. सांगोल्याची, तोंडावर बोलणारी.
"मग तुमी का बोलला न्हाय?"
"पाहुण्यांसमोर?"
"त्यो बोलला की."


१३ फेब्रु., शुक्र.
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. वाइनरीशी जमलं. बाई निनादला नाशिकला ट्रेनिंगला नेताहेत. "तोवर तू स्टाफ तयार कर. तुझ्याइतकं कुणाला येतं?"
म्हटलं, "हे त्या दिवशी बोलला असता, शेठ."
"वाढवू नकोस. तिथं सगळं इंग्रजीत चालतं, आणि तुझं..."  

१९ फेब्रु., गुरु.
दुपारी नाशिकहून निनादचा फोन. संध्याकाळी सगळ्यांसमोर चार वाइनना चार ग्लास निवडायचेत. आवाज बारीक झालेला. "काका, व्हाइटला कुठला? तेवढं सांगा."
म्हटलं, "गिऱ्हाईक आहे, करतो नंतर."
हॉल रिकामा होता.
आता पाच वाजलेत. त्याचे दोन मिस्ड कॉल. व्हाइटला आटोपशीर, लहान तोंडाचा. वास धरून ठेवतो, गारवाही. एका वाक्याचं काम. फोन हातात घेऊन बसलोय, अजून लावला नाही.