साहेबांचा सराव

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुला ते आई वाचून दाखवणार, आणि आईच्या कानावर हे जायला नको.

संशोधनवाल्या ताईंनी तुला कामावर घेतलं म्हणे! तुझ्यासारख्या, शिकायला वेळ लागणाऱ्या मोठ्या माणसांच्या घरी जाऊन तू त्यांना प्रश्न विचारणार. काल फोनवर माझ्यावरच सराव केलास, साहेब!

"जेवतोस कुणाबरोबर?"

"सगळ्यांबरोबर."

"थापा मारू नकोस हां, हे संशोधन आहे."

मी हसलो. पण दादा, मी गोदामात खोक्यावर बसून एकटाच जेवतो.

मग तू विचारलंस, "घरी कधी यायचं, ते कोण ठरवतं?"

मुकादम हाक मारतोय म्हणून मी फोन ठेवला. त्याने हाक मारली नव्हती. रजेलाही तो कधी नाही म्हणत नाही. मीच ठरवतो. आलो की आई तुझा हात माझ्या हातात देईल आणि म्हणेल, "आता तूच सांभाळ याला." त्या धास्तीने इकडून पाय निघत नाही.

आणि तू तर कामाला लागलास! कालपासून माझं कशात चित्त नाही, नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

रविवारी फोन करतो. तोच प्रश्न परत विचार. या खेपेला मुकादम हाक मारणार नाही.

तुझा,
धाकटा