शाळा पास झाली ती माझ्यामुळे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०, एस-बान (इथली लोकल)
संताप. लेकीच्या, अन्वीच्या शाळेचं मेल. १३ मार्चला शुलआम्टची, म्हणजे इथल्या जर्मन शिक्षण खात्याची, दोन माणसं तपासणीला येणार. खाजगी शाळा, एकोणचाळीस मुलं, ना परीक्षा ना नंबर. परवानगी पुढे चालू राहणार की नाही, ते या तपासणीवर ठरणार. आणि मुख्याध्यापिका उल्रिके (मुलं तिला नुसत्या नावाने हाक मारतात, मुख्याध्यापिकेला!) लिहिते, तयारीची काही गरज नाही.

आमच्या साताऱ्याच्या शाळेत साहेब येणार म्हटलं की आठ दिवस आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू लागायचा.

ही शाळा बंद झाली तर अन्वी परत जुन्या शाळेत. तिथे ती रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायची. ते मी होऊ देणार नाही. संकल्प: शाळा मी वाचवणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उल्रिकेला तेवीस मुद्दे पाठवले, एक्सेलमध्ये. उत्तर दोन ओळींचं. आभार, आम्ही एन्टश्पान्ट आहोत. म्हणजे निवांत! एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात ऑडिटच्या आधी कुणी निवांत म्हणून दाखवावं.

बायको, नीता म्हणाली, तुला कुणी सांगितलंय का यात पडायला? कुणीही नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
अन्वीच्या वर्गातली पाच मुलं केक खायला बोलावली. केक हे निमित्त. आमच्या गुरुजींची युक्ती शिकवली: साहेबांसमोर प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. बाई फक्त उजव्या हातांना विचारतात. साहेब खूश. (बाईंना माहीत हवं. उल्रिकेला कळवलंय, मुद्दा क्रमांक १७.)

मुलांनी 'वारुम', म्हणजे 'का', अकरा वेळा विचारलं. लीना नावाची मुलगी म्हणाली, येत नसेल तर येत नाही असं सांगावं की. कठीण आहे या देशाचं.

अन्वीला वेगळं बजावलं, तू माझी मुलगी आहेस, तुझा कायम उजवा. ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. मराठीत बोल म्हटलं. मग बोललीच नाही. केक मात्र संपला.

८ मार्च, शनिवार
रोज जेवणाआधी अन्वीची तयारी. चाळीस प्रश्न. आज पोट दुखतंय म्हणाली. चॉकलेटं खाल्ली असणार. नीता उठून तिला आत घेऊन गेली. या घरात शाळेची काळजी फक्त मला.

१३ मार्च, गुरुवार
रजा टाकली. टाय लावून पावणेआठला गेटवर. उल्रिकेनं बाहेर येऊन शांतपणे सांगितलं, आज पालक नकोत. मी काय नुसता पालक आहे? डोकं सणकलं. तपासणीच्या दोघांपैकी बाई सायकलवरून आल्या. सायकलवरून! ही काय तपासणार, कपाळ?

दुपारी अन्वीला विचारलं, हात वर केलास का. केला म्हणाली. कुठला? उजवा. शाब्बास म्हटलं. जेवली नाही. दमली असेल.

२८ मार्च, शुक्रवार
रिझल्ट! परवानगी कायम, शेरा उत्तम. अहवाल सगळ्या पालकांना आला. पान चार वाचून रक्त उसळलं. लिहिलंय, मुलांनी हसत हसत सांगितलं की डावा हात म्हणजे 'मला येत नाही'. आपल्याला येत नाही हे इथली मुलं न घाबरता सांगतात, ही शाळेची सगळ्यात मोठी कमाई.

अहो, ती युक्ती माझी! शाळा पास झाली ती माझ्यामुळे. आणि कौतुक कुणाचं, तर उल्रिकेच्या 'मोकळ्या वातावरणा'चं. माझं नाव कुठेही नाही. तळटीपेतसुद्धा नाही.

पुढचं वाक्य तर आणखी वाईट. अपवाद एका मुलाचा. उत्तर येत नसताना उजवा हात वर केला, आणि विचारल्यावर ते मूल रडायला लागलं. घरच्या धाकाविषयी शाळेने पालकांशी बोलावं.

एवढ्या सुंदर अहवालाला गालबोट! कुठल्या घरचं पोर आहे हे? काय आईबाप असतील! उल्रिकेला लगेच मेल: त्या पालकांना बोलवा, मी स्वतः समोर बसतो, चांगले खडसावतो.

२९ मार्च, शनिवार
उल्रिकेचं उत्तर. शनिवारी! सोमवारी आठला या, नीतालाही घेऊन या. सपत्नीक बोलावलंय म्हणजे सत्कारच. उशिरा का होईना, अक्कल आली. दोन शब्द बोलावे लागतील, लिहायला घेतले. नीताला वाचून दाखवले. ती म्हणाली, तुला खरंच कळत नाहीये का, आणि उठून गेली. हिला माझं कधी कौतुकच नाही.

३१ मार्च, सोमवार. ९.१०
सत्कार नव्हता. छोटी खोली, तीन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा.

ते मूल अन्वी.

नीताला तपासणीच्या दिवशीच कळलं होतं. अन्वीनेच सांगितलं होतं, आणि बाबाला सांगू नकोस म्हणून रडली होती. उल्रिके माझ्यावर आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती फक्त म्हणाली, अन्वीला इथे हळूहळू बरं वाटत होतं. राग अजून आहे. पण तो कुणावर काढायचा, तेच कळत नाही.

निघताना अन्वी जिन्यापाशी दिसली. लीनाला काहीतरी सांगत होती, दोघी खिदळत होत्या. मला बघितलं आणि हसायची थांबली.