शिवाराचा तास

गुरुजी, काल मावल्याला मीटिंग होती आणि तिथून परतल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून शेवटी हे लिहायला बसले. तुमची ती नाक पुसत वर्गात यायची पोट्टी आता जैनथकडच्या, तेलुगू राज्यातल्या एका मराठी शाळेत मास्तरीण आहे. शाळेला टॅबलेट आलेत. ते शिकवायला वेळापत्रकातून कोणता तास काढायचा, ते प्रत्येक शाळेनं सांगायचं होतं. आमच्या शाळेच्या यादीत पहिलं नाव होतं शिवाराच्या तासाचं. दर शनिवारी पुस्तक मिटून पोरांना वावरात नेते मी. ही खोड तुमचीच.

सहावीत तुम्ही कपाशीचं पान काढून आणायला सांगितलं होतं. मी पुस्तकातलं पाहून असं झकास काढलं की वर्गभर मिरवलं. तुम्ही वही हातात घेऊन विचारता, "हे कोनाच्या वावरातलं होय?" मी म्हणते, पुस्तकातलं. "पुस्तकात कापूस लागते काय वं? वावर शाळेच्या मागंच हाये. जाय, पाहून ये. आन् खालूनबी पाह्यजो!" मी रडत गेले. पान उलटलं तर खाली बारीक हिरवे किडे, तिरपे तिरपे पळणारे. धावत येऊन ओरडले, तर तुम्ही अख्खा वर्ग घेऊन निघालात. वाकून पाहिलंत आणि बिनदिक्कत म्हणालात, "मले याचं नाव नाई मालूम. चाला, इचारू." तिथं निंदणाऱ्या बायांमध्ये माझी आई होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि हसत हसत सांगितलं, "तुडतुडे होत ते गुरुजी. पानातला रस पेतेत, मंग पान लाल पडते." तुम्ही पोरांकडं वळलात. "आज यायनं शिकवलं आपल्याले. नमस्ते म्हना." साऱ्या वर्गानं माझ्या आईला नमस्ते म्हटलं, गुरुजी! तोवर मला तिची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. त्या दिवसानंतर वाटली नाही.

आता यंदाची गोष्ट ऐका आणि हसा. कुंपणापलीकडच्या कपाशीची पानं लाल पडली होती. पोरांनी टॅबलेटवर फोटो काढला. त्यानं सांगितलं, जमिनीत मॅग्नेशियम कमी आहे, अमुक फवारा. आणि मी, तुमची शिष्या, म्हणाले, "घ्या लिहून." एक पोरगी मात्र झाडाच्या बुडाशी बसून पान उलटत होती. "मॅडम, खाली तं तुडतुडे हायेत. यानं खालून पाह्यलंच नाई," आणि माझ्याकडं बघून, "तुमीबी नाई पाह्यलं." बाप्पा! कान लाल झाले माझे. मग तिलाच खालून फोटो काढायला लावला, तेव्हा त्या लेकाच्यानं बरोब्बर ओळखलं. म्हणजे यंत्र काही येडं नाही. त्याला काय दाखवायचं, हे कळणारं माणूस लागतं, आणि त्यानं सांगितलेलं पडताळून पाहणारंही.

मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं, अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत. टॅबलेट पाहिजेतच, आमच्या पोरांनी काऊन मागं राहावं? पण ते वावरात घेऊन जाऊ, म्हटलं. शिवाराचा तास गेला तर पोरांना स्क्रीनवरचंच पान खरं वाटेल. मीटिंग घेणारे साहेब भला माणूस. शांतपणे ऐकून घेतलं, "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणाले, शिवार ठेवा म्हणाले. एवढी खुशी झाली मला की डोळेच भरून आले. मग वेळापत्रक माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "पण एक तास तर द्यावा लागेल मॅडम. तुम्हीच सांगा कोणता."

मी सुलेखनाचा दिला.

तुमचा जीव होता त्या तासावर. बोट धरून 'ळ' वळवून घ्यायचात, आणि रिटायर झाल्यावरही ओसरीवर गावच्या पोरांना कित्ते देत बसायचात. माझं अक्षर पाहून आजही लोक विचारतात, कोणाच्या हाताखाली शिकलात. तरी मीच त्यावर काट मारली, माझ्याच पेनानं. तुम्ही दिलेल्या दोन गोष्टींतली एकच वाचवता येत होती, गुरुजी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते एका अर्थी बरंच आहे. तुम्ही असता तरी मी हेच केलं असतं. फक्त तुम्हाला कळू दिलं नसतं.