शामेनला धूसर करू नये

मी बुरुलचा, असेकची मुलगी, दिवंगत शामेनची बायको, राहणार तोंग, इसिक-कुल सरोवराचा दक्षिण काठ, हे स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, पण डोकं आणि उजवा डोळा शाबूत आहे. मला कोणी दटावलेलं नाही. दटावून ऐकणारी मी नव्हेच.

१. घर, घोडी आणि जर्दाळूची झाडं मुलगी अयनाश हिला.

२. लहान सेन्सरचा माझा कॅमेरा आणि त्याचं लांब भिंग हेही अयनाशलाच. बिश्केकला स्टुडिओ चालवणारा माझा धाकटा भाऊ मेदेर त्याला खेळणं म्हणतो. म्हणू दे. हे खेळणं खोगिराच्या पिशवीत मावतं आणि पलीकडच्या कड्यावरचा रानबोकड हाताशी आणून देतं. एकदा आम्ही रानबोकड टिपायला गेलो, तेव्हा मेदेर आपलं अवजड भिंग वाहून अर्ध्या चढावरच बसला आणि आम्ही उतरेपर्यंत चहा पीत राहिला. त्याचंही एक खरं आहे. तंबूत, दिव्याच्या उजेडात माझ्या फोटोंवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात आणि त्याच्या फोटोंत पापण्या मोजाव्यात. हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही, करणारही नाही.

३. या कॅमेऱ्याचा दुसरा दोष असा की मागचं सहजी धूसर होत नाही. एका लग्नात नवरीच्या मागे सासूचा भाऊ हाड चोखत हसताना लख्ख आला. सासूने फोटो माझ्या अंगावर फेकला. पुढे भाऊ वारला, तेव्हा थडग्याच्या काळ्या दगडावर कोरायला त्याचा हसरा चेहरा शोधत तीच माझ्या दारात आली. मी चहा पाजला आणि फोटो दिला. टोमणाही मारला.

४. माझा दगड. शामेनच्या दगडावर नुसतं नाव आहे, कारण कॅमेरा दिसला की तो घोडीआड जायचा. माझ्यासाठी मेदेरने स्टुडिओतला फोटो निवडून ठेवलाय, मागे काहीच नसलेला. तो नामंजूर.

शेजारच्या सोनुनचा नातू चालायला लागला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याच्या पायांना बांधलेली दोरी कापायच्या समारंभात सोनुनने माझ्याच कॅमेऱ्याने माझा फोटो काढला. संध्याकाळ होती, दाणे आहेत. मागे शामेन लगाम धरून उभा आहे. आपण फोटोत नाही अशा समजुतीत तो माझ्याकडे बघतोय. तो गेल्यावर मला हे दिसलं आणि मी खूप रडले.

मेदेर म्हणाला, "एजे, ताई, मागचं कंप्युटरवर धूसर करतो, म्हणजे तू उठून दिसशील."

"मला एकटीला उठून दिसायचं नाही," मी म्हटलं.

दगड कोरणाऱ्या इशेनने फोटो निरखला. म्हणाला, "एजे, मला नाहीतरी ठिपकेच टोचायचे असतात. इथे आयते मिळाले."

तेव्हा आम्हा दोघांना एकच दगड, हाच फोटो, मागचं जसंच्या तसं.

५. वडिलांचं चांदीकामाचं खोगीर मेदेरला. लहानपणापासून त्याचा जीव त्यात आहे. मात्र तो दगड उभा राहिल्यावरच द्यावं.

हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. तो भांडेल म्हणून तयारीत होते. त्याने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "भावोजी किती स्पष्ट आलेत गं."

हे वाक्य इथे नोंदवून ठेवते. उद्या तो नाकारेल.

सही: बुरुलचा असेक कीझी
साक्षीदार: सोनुन, शेजारीण (फोटो हिनेच काढला)
साक्षीदार: इशेन, दगड कोरणारा (दगड आणून ठेवला आहे)
तोंग, १४ ऑक्टोबर २०२३